संतापाचे चालू खाते

आमच्या कासू गावाचे नाव तुम्ही वाचले असणारच. नाही म्हणू नका. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करण्याचे काम 2011 साली निघाले. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रस्त्याचे पुढे दोन तुकडे पडले : ‘पळस्पे ते कासू’ आणि ‘कासू ते इंदापूर’. म्हणजे एका तुकड्याचा शेवट आमच्या गावात आणि दुसऱ्याची सुरुवातही आमच्याच गावात. एवढा मान गावाला पूर्वी कधी मिळाला नव्हता. आता पेपरात ‘कासू’ हा शब्द आला की त्याच्या मागेपुढे खड्डे, रखडपट्टी आणि मुदतवाढ यांपैकी एक शब्द हमखास असतो, हा भाग वेगळा. काही गावे संतांमुळे नावारूपाला येतात, काही आंब्यांमुळे. आमचे कंत्राटामुळे आले.

मी याच गावात राहतो आणि पेणला एका बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम., वय पंचेचाळीस, स्वभाव विनोदी. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना दाखले आहेत, तिसरीला साक्षीदार मिळत नाही. काउंटरसमोर रांगेत उभा असलेला माणूस हसण्याच्या मनःस्थितीत नसतो आणि मॅनेजरसाहेबांना विनोद कळायचा तर वरून परिपत्रक यावे लागते. घरी म्हणाल, तर बायकोने माझे सगळे विनोद लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच ऐकून संपवले. तेव्हा माझ्या या गुणाला वाव देणारी जागा जगात एकच उरली होती : स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मामाची चहाची टपरी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या विनोदी स्वभावाचाही हात आहे.

कासू हे पेण आणि नागोठणे यांच्यामधले स्टेशन. दिवा-रोहा गाडी इथे थांबते. कोकणात जाणाऱ्या बड्या गाड्या थांबत नाहीत. श्रीमंत नातेवाईक लग्नाच्या हॉलमध्ये आपल्याकडे न बघता पुढे जातात, तशा त्या धाडधाड निघून जातात. तर आमची गाडी येईपर्यंत माणसाने करायचे काय? मामाच्या टपरीवर दोन बाकडी आहेत, एक स्टोव्ह आहे आणि एक पेपर येतो. आता खिशात मोबाईल कुणाच्या नाही? दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या दादांच्याही आहे. पण पेपराची मजा मोबाईलला नाही. मोबाईलची चार पाने सुटी करून चौघांत वाटता येत नाहीत आणि तावातावाने बोलताना तो बाकड्यावर आपटताही येत नाही. पेपर दिवसभर आपटला तरी संध्याकाळी भजी बांधण्याच्या कामाला येतो.

पूर्वी हा पेपर गुरुजी मोठ्याने वाचत. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आजूबाजूच्या चार गावांतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांच्या ओळखीचे. वाचनाचा त्यांचा क्रम ठरलेला असे. “आधी आपलं, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं, आणि वेळ उरला तर दिल्लीचं,” असे म्हणून ते आतले पान उघडत. आधी निधनवार्ता. मग भाताचा भाव. मग एसटीची नवी वेळापत्रके, वीज कुठे आणि कधी जाणार आहे ते. मग जाहीर नोटिसा. ‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझ्या धाकट्या मुलीने ते एकदा शुभंकरोतीनंतर म्हणून दाखवले. दिल्ली यायच्या आत बहुतेक वेळा गाडी येई. देशाचे त्यामुळे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

हा क्रम कुणी मोडला? मी शोध घेतला आहे. क्रम मोडला तो मामाने, आणि त्यात त्याचा राजकीय हेतू मुळीच नव्हता. मामाला राजकारणातले एवढेच कळते की निवडणुकीच्या दिवसांत उधारी वाढते.

झाले असे, की एका सकाळी गुरुजींना यायला उशीर झाला. पेपर पहिल्या पानावर उघडा पडला होता. मोठ्या टायपात कुठल्याशा पुढाऱ्याचे कुठल्याशा दुसऱ्या पुढाऱ्याबद्दलचे उद्गार होते. ते सोसायटीवाल्या काकांनी मोठ्याने वाचले. डाव्या बाकड्यावरून कुणीतरी म्हणाले, “बरोब्बर बोलला!” उजव्या बाकड्यावरून कुणीतरी म्हणाले, “काय बरोबर? लाज वाटायला पाहिजे!” आणि बघता बघता स्टेशनकडे निघालेली माणसे थांबली, सायकलवाले उतरले, रिकामी मिनीडोर घेऊन जाणारा ड्रायव्हर गाडी बाजूला लावून आला. दुसऱ्यांदा पाणी चढवावे लागले. तिसऱ्यांदा आले संपले.

त्या दिवशी मामाला जो शोध लागला तो मला बी. कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवला नव्हता. तो मला म्हणाला, “भाऊ, एक सांगू? ज्याला बातमी पटते तो एक चहा पिऊन उठतो. ज्याला राग येतो तो दुसरा मागवतो.”

दुसऱ्या दिवसापासून पेपर बाकड्यावर ठेवताना मामा पहिले पान वर ठेवू लागला. मग त्यातही त्याची नजर तयार झाली. कुठल्या बातमीवर एक कप जाईल आणि कुठल्या बातमीवर दोन, हे तो मथळ्यावर नजर टाकून सांगू लागला. दोन कपांची बातमी वर, एका कपाची खाली. शून्य कपांच्या बातमीवर तो बरणी ठेवी. मामाने कुणालाही कधी भडकवले नाही. त्याने फक्त घडी बदलली.

चहा आणि छापील बातमी एकत्र आली की काय होते, याला आपल्याकडे मोठा दाखला आहे. 1890 साली पुण्यात गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामांकित मंडळींना बोलावले आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी घेतला नाही. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. झाले! ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताच्या गोष्टी सुरू झाल्या. देशापुढे त्या वेळी प्रश्न थोडे होते अशातला भाग नाही. पण दुष्काळावर, शेतसाऱ्यावर वाचणाऱ्याला विचार करावा लागतो. अमक्याने मिशनमध्ये चहा घेतला, यावर नुसते चिडले की काम भागते. गोपाळरावांना मामाचा शोध सव्वाशे वर्षे आधी लागला होता, एवढाच याचा अर्थ. फक्त त्यांनी चहा फुकट दिला.

हळूहळू टपरीचे रूप पालटले. पूर्वी माणसे जागा मिळेल तिथे बसत. आता डावे बाकडे आणि उजवे बाकडे अशी विभागणी झाली. दूधवाले दादा इतकी वर्षे डावीकडे बसत ते केवळ तिथून त्यांना कॅन दिसत म्हणून. आता त्यांना त्यामुळे एका पक्षाचे समजण्यात येऊ लागले. त्यांनी दोन-तीनदा खुलासा केला, पण खुलासा ऐकायला थांबतो कोण? पुढे आपण त्या पक्षाचे आहोत असे त्यांनाही वाटू लागले.

एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली आणि 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली. तिकडे मुंबईत आमदार कुठे बसणार हा प्रश्न होता, इकडे आमच्याकडे माणसे कुठे बसणार हा. पक्ष वाढले, बाकडी दोनच. कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसलेले दोघे आज एकमेकांकडे पाठ करून बसायचे म्हणत होते, आणि बाकड्यावर पाठ करून बसले की एकाचे पाय रस्त्यात येतात. मूळ बाकडे कुणाचे यावरही बोलाचाली झाली. शेवटी मामाने तेलाचे दोन रिकामे डबे पालथे घालून दिले, तेव्हा कुठे सर्व गटांची सोय लागली.

गंमत अशी, की खड्ड्यांवर आमच्यात कधीच भांडण झाले नाही. वडखळच्या कोंडीत प्रत्येकाने आयुष्याचे काही तास घालवले आहेत. एकाची म्हैस खड्ड्यापायी जायबंदी झाली आहे, दुसऱ्याचा मणका. सर्व गटांचे एकमत. रस्ता झालाच पाहिजे. पण एकमताचे असे आहे, की एकाने “खड्डे फार आहेत” म्हटले आणि दुसऱ्याने “फारच आहेत” म्हटले, की पुढे बोलायचे काय? दुसरा चहा होत नाही. त्यामुळे आमच्या दारातल्या रस्त्याची बातमी आली की मामा तिच्यावर बरणी ठेवी, आणि आम्ही हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी भाषणावरून हातघाईवर येत असू. आमचा हात जिथे पोचत होता त्या विषयावर आमचे तोंड बंद आणि तोंड चालत होते तिथे हात पोचत नव्हता.

गुरुजी या काळात येत होते. पण त्यांच्या वाट्याला पेपर येईपर्यंत त्याची लक्तरे झालेली असत. ते मधेच म्हणत, “अहो, मथळा सोडा. आत काय लिहिलंय ते वाचू द्या मला.” आणि वाचायला लागले की घोटाळा होई, कारण आतल्या मजकुरात मथळ्याइतका दम नसे. ज्याच्यावरून अर्धा तास रणकंदन झाले ते वाक्य त्या पुढाऱ्याने तसे उच्चारलेलेच नाही, असेही एक-दोनदा निघाले. आता सांगा, अर्धा तास तापून लाल झालेल्या माणसाला तुझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला असे सांगितले तर तो काय म्हणेल? आभार मानेल? डावीकडून आवाज आला, “गुरुजी त्यांच्या बाजूचे!” उजवीकडून आवाज आला, “गुरुजी ह्यांचे!” दोन्ही बाकड्यांचे एकमत झाले ते एवढ्या एका मुद्द्यावर.

आणि एके दिवशी गुरुजींनी एक बातमी शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “यात दोघांचंही थोडं चुकलंय आणि दोघांचंही थोडं खरं आहे.” क्षणभर शांतता पसरली. अशी शांतता पसरली की माझ्यासारख्या विनोदी माणसाच्या जिभेला खाज सुटते. मी म्हणालो, “गुरुजी, हा बातम्यांचा पेपर आहे, परीक्षेचा नव्हे. निम्मे निम्मे मार्क वाटायचे असतील तर लाल शाई घरीच ठेवून येत जा!”

हशा उसळला. दोन्ही बाकडी हसली, डब्यांवरचे हसले, स्टोव्हच्या आवाजावरून मामाचे हसणे ऐकू आले. आयुष्यात माझ्या विनोदाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. गुरुजीही हसले. मग त्यांनी चष्मा काढला, घरात ठेवला, घर बंद केल्याचा ‘टक्’ असा आवाज आला आणि “बरंय, येतो,” म्हणून ते उठले. गाडीत बसल्यावरही मी तो विनोद मनातल्या मनात पुन्हा सांगून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांची जागा भरून गेली.

हे झाले त्यानंतर सहा-सात महिने गेले. नोव्हेंबर महिना आला. बँकवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना. हयातीचे दाखले द्यायचे असतात. समोर हाडामांसाचा माणूस काठी टेकत येऊन उभा राहतो आणि आपण जिवंत असल्याचे लिहून देतो. ते लिखाण तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. गुरुजी आले. मी उठून नमस्कार केला. फॉर्म झाला, सही झाली. जाता जाता ते म्हणाले, “काय रे, दादांनी हरकत घेतली ना वेळेत?”

“कसली हरकत, गुरुजी?”

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग पिशवीतून एक पाकीट काढले, त्यातून पेपरचे एक कात्रण काढले आणि काउंटरवर सरळ करून ठेवले. ‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की’ अशी सुरुवात होती. दादांच्या वडिलोपार्जित जमिनीचा गट नंबर होता. सातबाऱ्यावर दोन क्रिकेट टीम उतरवता येतील एवढी नावे आहेत, त्यांतल्या मुंबईकडच्या चुलतभावांनी ती सगळी जमीन विकायला काढली होती. ज्या कोणाचा हक्क, हितसंबंध, वारसा असेल त्याने 14 दिवसांच्या आत लेखी कळवावे, न कळवल्यास तो हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. वर तारीख होती. तिला दीड महिना उलटला होता.

“मी मुद्दाम सांगायला आलो नाही,” गुरुजी म्हणाले. “म्हटलं, रोज तासभर पेपर वाचता तुम्ही सगळे. पाहिलं असेल.”

मागे रांग होती. मी पुढच्याचा फॉर्म घेतला. फॉर्मवरचे एक अक्षर मला वाचता येईना.

संध्याकाळी मी दादांकडे गेलो. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. वकिलांकडे गेलो तेव्हा कळले की खरेदीखत होऊनही गेले आहे. वकील सज्जन होते. म्हणाले, नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. पण खरेदीखत होण्याआधी चार ओळींच्या अर्जाने जे थांबले असते, त्यासाठी आता दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागेल. किती वर्षे? वकिलांनी छताकडे पाहिले. दादांचे वय एकसष्ट आहे. त्यांनीही छताकडे पाहिले.

त्या नोटिशीच्या दिवशी आम्ही टपरीवर कशावरून भांडत होतो, ते आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. काकांना विचारले, मिनीडोरवाल्याला विचारले. कुणालाही आठवेना. शेवटी मामाने उधारीची वही काढली. त्या तारखेला दादांच्या नावावर तीन चहा होते आणि माझ्या नावावर दोन. म्हणजे विषय चांगलाच तापलेला असणार. वहीत कपांचा हिशेब होता, विषयाचा नव्हता. आणि नोटिशीचे ते पान? ते त्या संध्याकाळी कुणाच्या तरी भज्यांबरोबर गेले असेल. कदाचित दादांच्याच.

टपरीवर ही हकिगत मी सांगितली तेव्हा काय व्हावे? सगळे खवळले! चुलतभावांवर खवळले, वकिलांच्या जातीवर खवळले, एवढ्या बारीक टायपात नोटीस छापणाऱ्या पेपरवर खवळले. एकाने यात अमक्या पक्षाचा हात असल्याचे सांगितले, दुसऱ्याने तमक्याचा. दोन्ही बाकडी पेटली. मामाने तीनदा आधण टाकले. दादा एकटे कॅनवर हात ठेवून गप्प बसले होते. त्यांनी पहिला चहाही घेतला नाही.

मी गुरुजींच्या घरी गेलो. माफी मागायची होती, पण मागताना मला शब्द सुचेनात. विनोद सुचत होते, ते मी आवरले. गुरुजींनीच विषय काढला. म्हणाले, “अरे, रागावणं वाईट नाही. राग नसता तर या जिल्ह्यात काय झालं असतं? हा कुलाबा जिल्हा होता तेव्हाची गोष्ट. 1933 साली अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. सहा वर्षं कसली नाही. उपाशी राहिले, लाकडं विकून दिवस काढले, पण नांगर घातला नाही. पुढारी नारायण नागू पाटील. त्यांनीच 1937 साली ‘कृषीवल’ काढला. तोसुद्धा पेपरच होता आणि तोसुद्धा रागानंच भरलेला होता. पण तो राग कुणावर आहे, कशासाठी आहे आणि काय केलं म्हणजे संपेल, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.”

मग म्हणाले, “लांबचं कशाला? 2008 साली आपल्या तालुक्यातल्या 22 गावांनी सेझला जमीन द्यायची की नाही यावर मत दिलं. आठवतं ना? रांगा लावून माणसं उभी होती. तेव्हाही लोक चिडलेलेच होते. पण चिडून रांगेत उभे होते.”

तो सेझ काही उभा राहिला नाही. मला ते सगळे आठवत होते, फक्त मी त्याचा या बाजूने विचार केला नव्हता. घरी येताना माझ्यातला कारकून जागा झाला. चेक वटायचा तर त्यावर काय काय लागते? तारीख लागते, नाव लागते, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत एकच लागते आणि खाली सही लागते. चरीच्या चेकवर हे सगळे होते. आम्ही रोज सकाळी टपरीवर जे चेक फाडत होतो त्यांवर नुसती रक्कम. तीही एवढी मोठी, की कुठलीही बँक घाबरावी. नाव कुणाचे नाही, तारीख नाही आणि सही करायची वेळ आली की गाडी येई. असा चेक कुठल्याच काउंटरवर वटत नाही. तो परत येतो आणि परत आल्याचे पैसे आपल्याच खात्यातून कापले जातात. आमच्या बाबतीत ते दादांच्या खात्यातून कापले गेले. लोक समजतात संताप ही ठेव आहे, साठवली की वाढते. मला विचाराल तर ते चालू खाते आहे. उलाढाल दांडगी, व्याज शून्य, वर खर्च आपल्या नावावर.

तुम्ही म्हणाल, एवढे कळल्यावर टपरीवर क्रांती झाली असेल. काही झाली नाही. मी मामाला म्हणालो, पहिले पान वर ठेवू नकोस. तो म्हणाला, “भाऊ, दोन मुलं शिकतायत.” त्याचेही खरे होते. मग आमच्यात व्यवहार ठरला. सकाळी पेपर आला की आधी नोटिसांचे पान मी वाचणार आणि ते वाचून होईपर्यंत जो बसेल त्याचा पहिला चहा माझ्या खात्यावर. मामाला कप खपल्याशी मतलब, तो लगेच तयार झाला. पहिल्या आठवड्यात गर्दी चांगली होती. त्यात फुकट चहाचा वाटा किती आणि जागृतीचा किती, हे शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. महिनाअखेर बायकोने हिशेब पाहिला तेव्हा तिने मात्र तो शोध लावला.

गुरुजींना मी दोनदा बोलावून आलो. ते नाही म्हणत नाहीत. एकदा म्हणाले, थंडी कमी होऊ दे. एकदा म्हणाले, गुडघा बरा होऊ दे. डाव्या बाकड्याच्या टोकाला त्यांची जागा रिकामी ठेवायची असे आम्ही ठरवले आहे, पण गर्दी झाली की कुणीतरी बसतेच. मग मी त्याला उठवतो, आणि उठवले म्हणून तो चिडतो, आणि चिडला की दुसरा चहा मागवतो. मामाची तक्रार नाही.

दादांची पहिली तारीख पडली आहे. त्या सकाळी ते कोर्टात जायच्या आधी, इस्त्रीचा सदरा घालून टपरीवर आले. मी नेहमीप्रमाणे वाचत होतो. गुरुजींसारखा आवाज मला लावता येत नाही. शिवाय गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार ही भाषा अशी, की पाच मिनिटांत उजवे बाकडे जांभया देऊ लागले. एकाने पहिले पान हळूच ओढून घेतले. मथळा मोठा होता. कुणीतरी “अरे वा, वाचा की!” म्हणाले. मलाही तो मथळा दिसला आणि खरे सांगतो, त्यावर मला एक झकास विनोद सुचला होता.

इतक्यात दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ती मघाची नोटीस परत वाच रे,” ते म्हणाले. “आमटेमची होती ना? तिथं माझ्या मेव्हण्याचं शेत हाय. हळू वाच.”